सातवीच्या वयात बारावीची परीक्षा

गणितात शंभरपैकी शंभर मिळाले की घरी पेढे येतात, शेजारपाजारी कौतुक होते आणि विषय तिथेच संपतो. त्या शंभर गुणांवरून मुलाबद्दल नेमके काय कळले, हे सहसा कोणी विचारत नाही. खरे तर एवढेच कळते की त्या इयत्तेसाठी जेवढे नेमून दिले होते, तेवढे त्याला येते. त्यापुढे किती येते, याचा गुणपत्रिकेत मागमूस नसतो. एकाच वर्गात शंभर मिळवणारी दोन मुले असली, तर एकाने वर्षभर नेटाने अभ्यास केलेला असतो आणि दुसऱ्याला थोरल्या बहिणीच्या दहावीच्या पुस्तकातली उदाहरणेही आपसूक सुटत असतात. दोघांच्या प्रगतिपुस्तकात आकडा मात्र एकच. दहा किलोंच्या ताणकाट्याला पंधरा किलोंचे पोते लावा की पंचवीस किलोंचे, काटा दहावरच अडकणार.

यावरचा उपाय साधा आहे. मुलाला त्याच्या वयाची परीक्षा न देता चार-पाच वर्षांनी मोठ्या मुलांसाठी काढलेली परीक्षा द्यायची आणि ते कुठवर जाते ते पाहायचे. अमेरिकेत गेली पन्नासहून अधिक वर्षे सातवी-आठवीतली मुले कॉलेजप्रवेशाची परीक्षा देत आली आहेत, ती याच विचारातून. त्यांतल्या बहुतेकांना लगेच कॉलेजात जायचे नसते. आपले माप कळावे म्हणून ती परीक्षेला बसतात. ही पद्धत कशी रुजली, तिने काय साधले आणि तिचा दुरुपयोग कुठे होतो, हे या प्रकरणात पाहू.

बाल्टिमोरचा मुलगा

१९६८ चा उन्हाळा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात संगणकशास्त्राचा वर्ग चालू होता. वर्गात सगळी मोठी माणसे आणि त्यांच्यात जोसेफ बेट्स नावाचा १२ वर्षांचा मुलगा. शाळेतले गणित त्याने केव्हाच मागे टाकले होते, म्हणून आईवडिलांनी त्याचे नाव इथे घातले. पण इथेही तो इतरांच्या पुढे निघून गेला आणि हाताला काही काम हवे म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना फोरट्रान ही संगणकभाषा शिकवू लागला. या मुलाचे पुढे काय करावे, हे वर्ग घेणाऱ्यांना कळेना. त्यांनी त्याची गाठ विद्यापीठातल्याच ज्यूलियन स्टॅन्ली या प्राध्यापकांशी घालून दिली.

स्टॅन्ली यांचा जन्म १९१८ चा. तरुणपणी त्यांनी अटलांटातल्या हायस्कुलात शिकवले होते. पुढे मानसशास्त्रीय चाचण्या आणि मापन हा त्यांचा विषय झाला, आणि संशोधनाची आखणी कशी करावी यावर डोनाल्ड कॅम्पबेल यांच्याबरोबर १९६३ मध्ये त्यांनी केलेले लेखन समाजशास्त्रांच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावे लागते. मोजमापाच्या माणसाने मोजमापापासूनच सुरुवात केली. १९६९ च्या आरंभी त्यांनी बेट्सला अनेक परीक्षा द्यायला लावल्या. त्यांतली एक होती सॅट. ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा १९२६ पासून चालू आहे आणि ती अकरावी-बारावीतली, म्हणजे सोळा-सतरा वर्षांची मुले देतात. त्या काळी तिचे भाषा आणि गणित असे दोन भाग असत आणि प्रत्येकात २०० ते ८०० या पट्ट्यात गुण मिळत.

हॉपकिन्समध्ये प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांकडून जेवढ्या गुणांची अपेक्षा असे, त्याच्या कितीतरी पुढे बेट्स गेला. मग त्याला वरच्या वर्गांचे गणित-विज्ञान शिकू देणारे हायस्कूल शोधायला स्टॅन्ली निघाले. एकही शाळा तयार होईना. शेवटी त्यांनी आपल्याच विद्यापीठाच्या अधिष्ठात्यांचे मन वळवले आणि बेट्सला वयाच्या १३ व्या वर्षी पदवीच्या वर्गात प्रवेश मिळाला. सतराव्या वर्षी त्याच्या हातात संगणकशास्त्रातली पदवी आणि पदव्युत्तर पदवी दोन्ही होत्या. नंतर त्याने कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली, कार्नेगी मेलन विद्यापीठात प्राध्यापकी केली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात नाव मिळवले.

एवढ्यावर थांबले असते तर ही एका हुशार मुलाची आणि एका भल्या प्राध्यापकाची गोष्ट झाली असती. पण स्टॅन्ली यांच्या मनात दुसराच प्रश्न घर करून बसला. बेट्स योगायोगाने सापडला. त्याच शहरातल्या शाळांच्या बाकांवर असे आणखी किती जण असतील, ज्यांना कोणी गाठलेलेच नाही?

न शिकलेल्या गणिताची परीक्षा

या प्रश्नाच्या मागे लागून १९७१ मध्ये त्यांनी गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. मार्च १९७२ मध्ये बाल्टिमोर परिसरातली १२ ते १४ वर्षांची ४५० हुशार मुले जमवून त्यांना सॅटचा गणिताचा भाग दिला.

इथे कोणाच्याही मनात शंका येईल. या मुलांना बीजगणित धड शिकवलेलेसुद्धा नाही. मग ही परीक्षा त्यांना देण्यात काय अर्थ? या शंकेच्या उत्तरातच या पद्धतीचे मर्म आहे. एक सोपा नमुना घेऊ. लागोपाठच्या पाच संख्यांची बेरीज १८५ आहे, तर त्यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती?

अकरावीतला विद्यार्थी पहिली संख्या क्ष मानतो, पाच पदांची बेरीज मांडतो, पाच क्ष अधिक दहा बरोबर १८५ असे समीकरण लिहितो आणि क्ष म्हणजे ३५ काढून ३९ या उत्तराशी येतो. ही रीत त्याला वर्गात घोटून घेतलेली असते. बारा वर्षांच्या मुलाकडे क्ष नाही. ते क्षणभर संख्यांकडे पाहते. पाच संख्या ओळीने आहेत, म्हणजे मधल्या संख्येच्या एका बाजूला जेवढे कमी तेवढेच दुसऱ्या बाजूला जास्त. मग बेरीज ही मधल्या संख्येची पाचपट असणार. १८५ ला पाचाने भागले की ३७, आणि त्यापुढे दोन घरे म्हणजे ३९. उत्तर तेच, पण इथे मुलाने रीत स्वतः घडवली.

एकच प्रश्नपत्रिका दोन वयांत दोन वेगळ्या गोष्टी मोजते, ती अशी. अकरावीतल्या मुलाच्या गुणांत शिकवणीचा आणि सरावाचा वाटा मोठा असतो. सातवीतल्या मुलापाशी ती शिदोरी नसल्यामुळे त्याच्या गुणांत त्याची स्वतःची तर्कशक्ती अधिक उघड दिसते. सातवीतल्या मुलाची सॅटची घोकून तयारी करून घेणारे पालक परीक्षेची ही उपयुक्तताच घालवून बसतात. प्रश्नांचे स्वरूप मुलाला माहीत असावे, वेळेचा अंदाज असावा, एवढी तोंडओळख पुरे. वर्षभर क्लास लावून आणलेला आकडा क्लासबद्दल जास्त सांगतो आणि मुलाबद्दल कमी.

१९७२ च्या त्या परीक्षेने दोन धक्के दिले. कधीही न शिकवलेल्या प्रकारची उदाहरणे यांतल्या बऱ्याच मुलांनी सोडवली होती. आणि नामांकित विद्यापीठांच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या गुणांच्याही पुढे जाणारी मुले अपेक्षेपेक्षा पुष्कळ निघाली. बेट्स एकटा नव्हता.

यातून ‘प्रतिभाशोध’ परीक्षांची पद्धत उभी राहिली. १९७९ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये अशा मुलांसाठी स्वतंत्र केंद्र झाले. ड्यूक विद्यापीठाने १९८० मध्ये आणि नॉर्थवेस्टर्नने १९८२ मध्ये आपापले उपक्रम सुरू केले. सर्वसाधारण रीत अशी ठरली: आपल्या इयत्तेच्या प्रमाणित परीक्षेत वरच्या तीन ते पाच टक्क्यांत आलेल्या मुलांना पुढच्या वयाच्या परीक्षेला बोलवायचे. इयत्तेच्या परीक्षेत ही सगळी मुले एका आकड्यापाशी दाटीवाटीने उभी असतात. सॅटच्या लांब पट्टीवर ती पांगतात. कोणी ३५० वर, बरीचशी मधल्या पट्ट्यात, मोजकी ६०० च्या पुढे आणि अगदी विरळा ७०० च्या पुढे. तेरा वर्षे पूर्ण होण्याआधी ७०० गुण मिळवणारी मुले साधारण दहा हजारांत एक, असा हिशेब अभ्यासक मांडतात.

३५० गुणांचा मुलगा ‘नापास’ झाला, असा याचा अर्थ नाही. तो पाच वर्षांनी मोठ्या मुलांच्या परीक्षेला बसला होता आणि त्यातही काही वाट चालून गेला. ही गोष्ट पालकांनी परीक्षेच्या आधीच मुलाला नीट समजावून सांगायला हवी, कारण वर्गात सतत पहिला येणाऱ्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच अर्धी प्रश्नपत्रिका सुटलेली नसते.

निकालानंतरचे काम

स्टॅन्ली यांचे खरे मोठेपण मला परीक्षेनंतरच्या कामात दिसते. त्यांनी मुलाला पदक देऊन घरी पाठवले नाही. आता याला काय शिकवायचे, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला.

त्यासाठी त्यांनी एक पद्धत बसवली. समजा, एका मुलीला बीजगणिताची पहिल्या वर्षाची चाचणी दिली. ती विषय शिकलेली नाही, तरी तिची ४० पैकी ३१ उत्तरे बरोबर आली. उरलेली नऊ उदाहरणे तिला पुन्हा दिली जातात, या वेळी घड्याळ न लावता. त्यांतली चार तिला सुटतात, म्हणजे तिथे केवळ घाई झाली होती. राहिली पाच. ती पाच नीट पाहिली की कळते, हिला ऋण घातांक ठाऊक नाहीत आणि असमानतेची दिशा केव्हा बदलते ते माहीत नाही. शिक्षकाने तिच्याबरोबर बसून एवढेच शिकवायचे, मग त्याच चाचणीची दुसरी प्रत देऊन खात्री करायची आणि पुढच्या पायरीवर जायचे. येत असलेल्या गोष्टींवर एक तासही खर्च करायचा नाही. सर्वांसाठी वर्षभराचा असलेला अभ्यासक्रम अशा मुलीला काही आठवड्यांत पुरा होतो, आणि त्यात तिने कुठे उडी मारलेली नसते.

१९७२ च्या उन्हाळ्यात जोसेफ वुल्फसन या शिक्षकांनी शनिवारी सकाळी अशा वीसेक मुलांचा वर्ग सुरू केला. हायस्कूलच्या बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती यांना शाळेत जी चार-पाच वर्षे लागतात, ती वाट त्यांतल्या पुढच्या मुलांनी वर्षाहून थोड्या अधिक काळात पार केली. आठवड्याचे उरलेले दिवस ती आपापल्या शाळेत, आपल्या वयाच्या मित्रांबरोबर होती.

शाळेत राहून कॉलेजच्या दर्जाचा विषय शिकायची आणखी एक सोय अमेरिकेत १९५० च्या दशकापासून आहे. ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या परीक्षांमध्ये कलन, भौतिकशास्त्र, इतिहास असे विषय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या पातळीवर असतात आणि १ ते ५ असे गुण मिळतात. चांगले गुण मिळाले तर अनेक कॉलेजे तो विषय झाल्याचे धरतात. या परीक्षा हायस्कूलच्या मुलांसाठी असल्या तरी आठवीतले एखादे मूल कलनाचा पेपर देऊन जाते. सॅट तर्कशक्तीचा अंदाज देते. अॅडव्हान्स्ड प्लेसमेंटची परीक्षा प्रत्यक्ष विषय किती आला ते सांगते. वर्गातल्या बाकावर कंटाळून बसलेल्या मुलाला दुसरीचा उपयोग अधिक, कारण ‘हे मला आले आहे, पुढचे द्या’ असे म्हणायला त्याच्या हातात पुरावा येतो.

लवकर पिकण्याची भीती

मुलांना पुढे जाऊ द्यावे म्हटले की एक भीती हमखास डोके वर काढते: लवकर पिकते ते लवकर सडते. अमेरिकेत या भीतीला एका माणसाचे नाव चिकटले आहे. विल्यम सिडिस हा मुलगा १९०९ मध्ये वयाच्या ११ व्या वर्षी हार्वर्डमध्ये दाखल झाला. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याने तिथल्या गणितज्ञांपुढे चार मितींच्या आकृत्यांवर व्याख्यान दिले. वर्तमानपत्रांनी त्याचा पिच्छा पुरवला. मोठेपणी तो साध्या कारकुनी नोकऱ्या करत, लोकांपासून लपत राहिला आणि १९४४ मध्ये मरण पावला.

त्याच काळात, त्याच हार्वर्डमध्ये आणखी एक बालबुद्धिमंत होता. नॉर्बर्ट वीनर याने १४ व्या वर्षी टफ्ट्स कॉलेजची पदवी घेतली होती आणि १८ व्या वर्षी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. पुढे सायबरनेटिक्स या शास्त्राचा पाया त्याने घातला. त्याचेही बालपण सोपे नव्हते, वडिलांच्या धाकाबद्दल त्याने स्वतः मोकळेपणाने लिहिले आहे. तरीही तो तगला आणि वाढला. पण लोकांच्या लक्षात सिडिस राहिला.

एका-दोघांच्या गोष्टींवरून धोरण ठरवू नये, म्हणून स्टॅन्ली आणि त्यांच्यानंतर कॅमिला बेनबो व डेव्हिड लुबिन्स्की यांनी सुमारे पाच हजार मुलांचा माग अनेक दशके ठेवला. हा अभ्यास आज वँडरबिल्ट विद्यापीठातून चालतो. तेराव्या वर्षाआधी अतिउच्च गुण मिळवलेल्या ३२० जणांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली; अडतिशीपर्यंत त्यांतल्या ४४ टक्के लोकांनी डॉक्टरेट मिळवली होती. सारख्याच क्षमतेच्या मुलांची तुलना केली तेव्हा, ज्यांना एखादी इयत्ता ओलांडू दिली होती त्यांनी डॉक्टरेट किंवा पेटंट मिळवण्याचे प्रमाण न ओलांडलेल्यांपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त निघाले. पुढे गेल्याने मुले मनाने खचतात, असेही या अभ्यासात आढळले नाही.

पुढे जाणे म्हणजे सगळ्या विषयांत एकदम उडी घेणे नव्हे, हे टेरेन्स ताओच्या वाटचालीवरून दिसते. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरात १९७५ मध्ये जन्मलेल्या या मुलाने आठव्या वर्षी सॅटच्या गणितात ७६० गुण मिळवले. आईवडिलांनी घाई केली नाही. एकेका विषयात त्याची जी पातळी असेल त्या वर्गात तो बसत असे. गणित वरच्या इयत्तेत, इतर विषय खालच्या इयत्तेत. मग काही तास विद्यापीठात, उरलेले शाळेत. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये १९८६ ला कांस्य, १९८७ ला रौप्य आणि १९८८ ला सुवर्ण. २१ व्या वर्षी प्रिन्स्टनची डॉक्टरेट आणि २००६ मध्ये फील्ड्स पदक. ७६० गुण मिळाले त्या दिवशीच त्याला विद्यापीठात नेऊन बसवता आले असते. तसे न करता त्याला टप्प्याटप्प्याने वाढू दिले.

ही पट्टीही अपुरी

सॅटच्या पट्टीला मर्यादा आहेत आणि त्या न सांगणे अन्यायाचे ठरेल.

पहिली मर्यादा सुटून गेलेल्यांची. १९२१ मध्ये लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियात बुद्ध्यंक पाहून हुशार मुले निवडली, तेव्हा चाचणी देऊनही निवड न झालेल्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. सॅटही काही मुलांना असेच वगळते. ज्यांना आकार मनात फिरवता येतात, यंत्र पाहिल्याबरोबर उमगते, पण शब्द आणि आकडे तेवढे साथ देत नाहीत, अशा मुलांची ताकद ती मोजत नाही. ही अवकाशीय क्षमता पुढच्या शोधांशी आणि पेटंटशी जोडलेली आहे, हे स्टॅन्ली यांनी सुरू केलेल्या अभ्यासातूनच पुढे आले.

दुसरी मर्यादा वातावरणाची. बेनबो आणि स्टॅन्ली यांच्या १९८० च्या दशकातल्या आकडेवारीत गणितात ७०० च्या वर गेलेल्या एका मुलीमागे १३ मुलगे होते. मुलींना जन्मतःच गणित कमी येते, असा अर्थ वर्तमानपत्रांनी लावला. पुढच्या दोन-अडीच दशकांत हेच प्रमाण एकास चारच्या आसपास आले. एवढ्या थोड्या काळात माणसाचा मेंदू बदलत नाही. मुलींना मिळणारे शिक्षण आणि उत्तेजन बदलले. आज एखाद्या गटाचे गुण कमी दिसत असतील तर त्याला काय मिळाले नाही, हे आधी शोधावे लागते.

तिसरी मर्यादा पैशाची. परीक्षेची फी, उन्हाळी वर्गांचा मोठा खर्च, मुलाला नेण्या-आणण्याची सोय आणि मुळात अशी परीक्षा असते ही माहिती, हे सगळे सुस्थितीतल्या घरांत असते. शाळेनेच सर्व मुलांना चाळून पाहिले नाही, तर ज्याला सर्वांत जास्त गरज आहे ते मूल यादीत येतच नाही.

आपल्याकडे

महाराष्ट्रात या प्रश्नाचा वेगळ्या वाटेने विचार झालेला आहे. स्टॅन्ली यांच्या कितीतरी आधी, १९६२ मध्ये, आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. सुरुवातीला ठिकठिकाणच्या शाळांतली निवडक मुले शाळा सुटल्यावर तिथे येत; १९६९ पासून स्वतंत्र प्रशाला झाली. मानसशास्त्रीय चाचण्यांनी मुले निवडायची, पण त्यांना वरच्या इयत्तेत ढकलायचे नाही. त्याच वयात प्रकल्प, अभ्यासदौरे, वाचन आणि समाजकाम यांनी त्यांचे शिक्षण रुंद करायचे, ही तिथली दिशा. एकीकडे वेग, दुसरीकडे व्याप्ती. गणितासारख्या पायरीपायरीच्या विषयात मुलाला वेग लागतो. समाज, भाषा, निसर्ग समजून घ्यायला व्याप्ती लागते. एकाच मुलाला दोन्ही लागू शकतात.

शिष्यवृत्ती परीक्षा किंवा होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा यांची काठिण्यपातळी शालेय परीक्षेपेक्षा वरची असते, म्हणून त्यांत मुले थोडी पांगतात. तरी त्या त्या इयत्तेच्या आसपासच राहतात. खऱ्या अर्थाने उंच पट्टी गणित ऑलिम्पियाडची. तिच्या पहिल्या पायरीला आठवी-नववीतली मुले अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर बसतात, आणि अभ्यासक्रमाच्या पाठांतरावर तिथे निभाव लागत नाही. पण या सगळ्या परीक्षांचा आपल्याकडचा शेवट बहुतेक वेळा फोटो, प्रमाणपत्र आणि सत्कार एवढाच असतो. दुसऱ्या दिवशी ते मूल त्याच वर्गात, त्याच बाकावर, आधीच येत असलेले उदाहरण वहीत उतरवत बसते. बक्षीस मिळाले, पण धडा बदलला नाही.

त्याची किंमत ते मूल हळूहळू मोजते. न झगडता सगळे येत गेले की झगडण्याची सवयच लागत नाही. मग कॉलेजात पहिल्यांदा खरोखर अवघड काही समोर आले की त्याला वाटते, आपली हुशारी संपली. बाराव्या वर्षी पेलेल असे अवघड मिळाले असते, तर अडणे हा शिकण्याचाच भाग आहे, हे त्याला तेव्हाच कळले असते.

म्हणून सातवीतल्या मुलाला पुढची परीक्षा द्यावी की नाही, याचा निर्णय करताना काही प्रश्न आधी सोडवावेत. मुलाला स्वतःला हवी आहे का? गुण कितीही आले तरी घरातले त्याचे स्थान बदलणार नाही, याची त्याला खात्री आहे का? आणि निकालानंतर काय करायचे ते ठरले आहे का? शाळा एका विषयापुरते वरच्या वर्गात बसू देईल का, आठवड्यातून दोन तास देणारे कोणी शिक्षक किंवा कॉलेजचा विद्यार्थी मिळेल का, ग्रंथालयातून कोणती पुस्तके आणायची? यांतले एकही उत्तर हाताशी नसेल, तर परीक्षेची फी भरण्याआधी ते शोधावे. शिक्षकांनाही एक गोष्ट लगेच करता येते: वर्षाच्या सुरुवातीलाच वर्षअखेरची चाचणी द्यावी. जे मूल तिच्यात नव्वद गुण मिळवील, त्याला त्या वर्षी दुसरे काहीतरी शिकवण्याची जबाबदारी आपली आहे. त्यासाठी अमेरिकेची परीक्षा लागत नाही, विद्यापीठ लागत नाही. शंभर गुणांवर समाधान न मानणारा एक शिक्षक लागतो.